माले इंग्रजी येस

देवळाली कॅम्पात इंग्रजी शिकायला शाळेत जावं लागत नसे. ती रस्त्यात पडलेली असायची, ज्याने त्याने हवी तेवढी उचलावी. आमचा न्हावी खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला 'शॉर्टबॅकसाइड?' असं विचारायचा आणि तो एकच अखंड शब्द आहे अशी त्याची पक्की समजूत होती. भाजीवाली मावशी फौजी बायकांना 'मेमसाब, फ्रेस फ्लॉवर, नो किडा' असं सांगून गड्डा त्यांच्या पिशवीत टाकून मोकळी व्हायची. शेजारी फौजेतून रिटायर झालेले एक आजोबा राहायचे. दारावर थाप पडली की ते आतून 'हुकुमदार!' असं गरजायचे. मला वाटायचं, आजोबा आपला हुद्दा सांगताहेत. पुढे बाबांनी सांगितलं की गोऱ्यांच्या वेळी पहारेकरी 'हू कम्स देअर' असं ओरडायचा, त्याचं आपल्या लोकांनी हुकुमदार केलं. हे ऐकून मी पोट धरून हसले. बाबा काही हसले नाहीत. इंग्रजीचे असे हाल त्यांना बघवत नसत.

तर गंमत अशी, की एवढ्या इंग्रजीच्या गराड्यात इंग्रजीला सगळ्यात जास्त घाबरणारा माणूस आमच्याच घरात होता, आणि तो शाळेत इंग्रजी शिकवायचा. ते म्हणजे माझे बाबा. कॅम्पातल्याच मराठी शाळेत ते दहावीला इंग्रजी शिकवायचे. त्यांचं व्याकरण असं पक्कं, की 'शॅल' आणि 'विल' यांची अदलाबदल करणारा माणूस चोरीसुद्धा करू शकेल असं त्यांचं मत होतं. उच्चार मात्र स्वतःचे. स्पेलिंग डोक्यात राहावं म्हणून ते 'नाइफ'ला 'क्नाइफ' म्हणायचे आणि 'वेन्सडे'ला 'वेडनेसडे'. त्यांची पोरं बोर्डात स्पेलिंगला कधी अडली नाहीत. बोलायची वेळ आली की मात्र सगळी मुकी, बाबांसकट.

शिकवायची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. कुणी चुकलं की डस्टर टेबलावर आपटायचं, बरोबर रूप खणखणीत आवाजात म्हणायचं, आणि अख्ख्या वर्गाने ते मागून म्हणायचं. 'ही गो' असं कुणी म्हटलं, की धाड! 'ही गोज!' आणि मागून पन्नास गळे, 'ही गोज!' शाळेच्या मैदानाच्या पलीकडे सायकलचं पंक्चर काढणारा सुद्धा त्या आवाजावर 'ही गोज' म्हणायला शिकला होता, कोण कुठे जातं ते त्याला ठाऊक नसलं तरी.

बाबा मूळचे नामपूरकडचे, बागलाणातले. त्यांच्या घरची बोली अहिराणी. आपण जिथे 'आहे' म्हणतो तिथे तिकडे 'शे' म्हणतात. पण ही गोष्ट आमच्या घरात कुणी उच्चारायची नाही. आई नाशिक शहरातली, तिचं बोलणं साजूक तुपातलं, आणि बाबांनी लग्नानंतर तिच्यापेक्षाही साजूक बोलायचा चंग बांधलेला. आम्हां भावंडांना अहिराणीचा एक शब्द त्यांनी शिकवला नाही. फार संतापले की मात्र 'आहे'चं 'शे' निसटायचं, आणि मग रागापेक्षा त्या 'शे'नेच ते जास्त कासावीस व्हायचे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. कॅम्पात नवी इंग्रजी शाळा निघाली. टाय लावलेली चिमुरडी पोरं रस्त्याने जाऊ लागली आणि आमच्या शाळेची पटसंख्या गळू लागली. मुख्याध्यापक हवालदिल झाले. त्यांनी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या एका तरुण मॅडमना नोकरीवर घेतलं. मॅडम खरोखर चांगल्या होत्या, हे आधीच सांगते, उगाच त्यांना खलनायिका समजू नका. त्यांची इंग्रजी कानाला गोड लागायची. त्या 'वेन्सडे' म्हणायच्या तेव्हा तो वार आठवड्यात नव्यानेच आल्यासारखा वाटायचा. मी तेव्हा नववीत होते आणि आरशासमोर त्यांची नक्कल करायचे.

दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी बाबांना बोलावून सांगितलं, की जूनपासून दहावीचं इंग्रजी मॅडमना द्यावं असा विचार चालू आहे. विचारच आहे, अजून ठरलेलं नाही. आता लोकांना बोलणारी इंग्रजी हवी, सर, असंही म्हणाले. बाबा घरी आले ते थेट पाटावर बसले. आईने दोनदा आमटी वाढली तरी कळलं नाही.

तुम्हाला वाटेल, एका वर्गाचं काय एवढं. पण बाबांसाठी दहावी म्हणजे नुसती दहावी नव्हती. खेड्यातला एक पोरगा सटाण्याच्या शाळेत गेला, तिथून नाशिकच्या कॉलेजात, आणि 'शे' म्हणणारा जो होता तो आता साहेबाची भाषा शिकवतो, हा सगळा प्रवास त्या एका वर्गात येऊन पोचलेला होता. दहावी गेली, तर गाडी उलटी फिरणार. मला फार वाईट वाटत होतं, आणि मॅडम दहावीला आल्या तर आपली मजा आहे असंही वाटत होतं. पंधराव्या वर्षी मनात दोन्ही गोष्टी सुखाने एकत्र नांदतात.

जानेवारीत दोन पाहुणे आले. एक आमच्या घरी आणि एक शाळेत.

घरी आली ती आत्या, बाबांची थोरली बहीण. तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला झालं होतं आणि महिनाभर ती आमच्याकडे राहणार होती. डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड, दुसरा डोळा टक्क उघडा, आणि तोंड त्याहून उघडं. आत्याला अहिराणीशिवाय काही यायचं नाही आणि त्याची तिला खंतही नव्हती. खंत बाबांना होती. शाळेतलं कुणी घरी आलं, की ते तिला हळूच सांगायचे, अक्का, 'आहे' म्हणत जा, नाहीतर जरा आत बस. ती निमूट आत जाऊन बसायची. एरवी गावातल्या सरपंचाला न जुमानणारी बाई, पण भावाच्या शाळेची माणसं आली की तिची जीभ टाळूला चिकटायची.

शाळेत आला तो खराखुरा इंग्रज. साठीचा, लालबुंद, सोबत बायको. लढाईच्या काळात तो शिपाई म्हणून देवळालीच्या छावणीत होता, आणि आपली जुनी बराक शोधायला आता पदरमोड करून आला होता. तो बाजारात उन्हात उभा राहून बराकीचं चित्र हवेत काढून दाखवत होता, तेव्हा आमचे मुख्याध्यापक तिथे पोचले आणि त्यांनी त्याला जवळजवळ पळवूनच आणलं. नव्या इंग्रजी शाळेकडे टाय होते, आमच्याकडे सबंध इंग्रज आला. दुसऱ्याच दिवशी सत्कार ठरला. शाल, नारळ, हार. पाहुण्याच्या भाषणाचं मराठी मॅडम करणार. बाबांकडे हार घालायचं काम दिलं. त्यावरून काय ठरतंय ते आम्हाला घरी न सांगता कळलं.

बाबांनी तरी कोट इस्त्री करून घेतला. आयुष्यभर ज्याची भाषा शिकवली तो माणूस त्यांनी अजून जवळून पाहिला नव्हता. रात्री जेवताना त्यांनी आईला सांगितलं, की उद्या खरी इंग्रजी ऐकायला मिळेल, शुद्ध, उगमापाशीची.

सगळी शाळा मैदानात बसली. पाहुणा उभा राहिला, खाकरला आणि म्हणाला, 'आय वेअर हिअर इन द वॉर.'

आता काय झालं ते सांगते, आणि हे आमच्याच शाळेत होऊ शकतं. पाहुण्याला हार घालून बाबा पहिल्या रांगेत बसले होते. 'आय वेअर' हे कानावर पडलं आणि वीस वर्षांची सवय आडवी आली. त्यांचा हात समोरच्या टेबलावर धाडकन आपटला. 'आय वॉज!' बाबा खणखणीत आवाजात म्हणाले. आणि मागून अख्खी शाळा, पाचवीपासून दहावीपर्यंत, एका सुरात ओरडली, 'आय वॉज!'

पुढचा क्षण मला अजून आठवतो. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्याचा रंग गेला. मॅडमनी पदर तोंडावर धरला. बाबा अर्धवट उठून उभे होते आणि बसावं की पळावं हे त्यांना कळत नव्हतं. धरणीमाय, पोटात घे, असं झालं असणार. मी तर मान खाली घालून बुटाच्या नाडीशी खेळत बसले.

पाहुणा हसायला लागला. मग त्याची बायको. असे हसले की त्याला डोळे पुसावे लागले. 'आय वॉज,' असं त्याने बाबांकडे बघून आज्ञाधारकपणे म्हटलं आणि भाषण पुढे सुरू केलं, परत 'वेअर' म्हणतच. मॅडमचीही तारांबळ उडाली. हा 'नथिंग'ला 'नाउट' म्हणायचा, 'समथिंग'ला 'समट', अर्धी अक्षरं गिळायचा आणि उरलेली नाकातून सोडायचा. मॅडमनी सरळ कबूल केलं की मला निम्मंच कळतंय. त्यात त्याने सांगितलं, की आमच्याकडे कुणाचं डोकं फिरलं की तो 'डूलॅली' झाला म्हणतात, आणि तो शब्द तुमच्या या गावाच्या नावाचा. पूर्वी घरी जाणाऱ्या बोटीची वाट बघत शिपाई इथे महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि उन्हाने, कंटाळ्याने येडे व्हायचे, म्हणून देवळाली म्हणजे वेड. एवढं मात्र मॅडमना कळलं, आणि त्यांनी ते नाइलाजाने मराठीत सांगितलं. पोरं खिदळली. आपलं गाव इंग्रजी डिक्शनरीत आहे, मग ते वेडं म्हणून का असेना, याचा आम्हाला केवढा अभिमान वाटला! त्यानंतर वर्षभर शाळेत एकमेकांना 'ए डूलॅली' म्हणणं चालू होतं. आपण त्यांचा 'हू कम्स देअर' मोडून ठेवला, त्यांनी आपली देवळाली मोडून नेली. फिटंफाट झाली म्हणायची.

सत्कार संपला. मुख्याध्यापकांनी पाहुण्याची माफी मागितली आणि बाबांकडे असं बघितलं, की दहावीचा निकाल तिथेच लागला. पण पाहुणा म्हणाला, मला या मास्तरांच्या घरी चहा प्यायचाय. झालं! मुख्याध्यापकांना सोबत यावं लागलं. मी धावत पुढे जाऊन आईला बातमी दिली. आईने आधी कपाळावर हात मारला, मग पोहे भिजवले.

आमची दोन खोल्यांची जागा. बाबांनी दारातूनच आत्याला खूण केली, आत जा. पण बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या, आतल्या खोलीत आई स्टो पेटवतेय, धुराने डोळ्याला त्रास होईल म्हणून आईने आत्याला परत बाहेर पाठवलं. आत्या कोपऱ्यात चटईवर बसली. एका डोळ्याने तिने पाहुण्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. पाहुण्याने तिला हात जोडून नमस्कार केला. कुणी आपल्याला आधी नमस्कार केला की आत्याला गप्प बसवणं देवालाही शक्य नव्हतं.

"याले मराठी येस का रे, भाऊ?" तिने बाबांना विचारलं.

अहिराणीत 'येस' म्हणजे 'येतं'. ह्याला मराठी येतं का, एवढंच तिने विचारलं. पण पाहुण्याच्या कानावर त्या सगळ्यातून एकच ओळखीचा शब्द पडला. आपल्याला काहीतरी विचारताहेत हे बघून तो मोठ्या आनंदाने म्हणाला, 'येस! येस, येस!'

आत्या खूश. येतं म्हणतोय ना, मग काय! तिने चटई पुढे सरकवली आणि सुरू झाली. डोळ्यापासून सुरुवात केली, डॉक्टर कसा, पट्टी कशी, मग गावचा कांदा, मग जावई. पाहुणा मान हलवायचा, मध्ये 'येस' म्हणायचा आणि आपल्या भाषेत आपलं काहीतरी सांगायचा. दोघं एकमेकांचा एक शब्द न समजता रंगून गेली होती. मुख्याध्यापक पोह्यांतले शेंगदाणे वेचत बसले होते. बाबा मात्र भिंतीला टेकून उभे, घामाघूम.

बोलता बोलता आत्या बाबांकडे बोट दाखवून हसायला लागली. पाहुण्याने बाबांना विचारलं, काय म्हणताहेत तुमच्याबद्दल? बाबा म्हणाले, काही नाही, सर, जुन्या गोष्टी. पाहुणा म्हणाला, सांगा की. मुख्याध्यापकही म्हणाले, सांगा, सर, ट्रान्सलेट करा. त्यांच्या आवाजात थोडी गंमत बघायची इच्छा होती, आणि ती मला आवडली नाही.

बाबांनी भाषांतर केलं. दुसरं काही रचून सांगता आलं असतं, पण भाषांतरात खोटं घालणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सावकाश, एकेक काळ आणि एकेक क्रियापद सांभाळत, ते इंग्रजीतून सांगत होते आणि मी तो प्रसंग आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. सटाण्याच्या शाळेत पहिल्या दिवशी गुरुजींनी हजेरी घेतली. एक नाव पुकारलं, पोरगा दिसेना. गुरुजींनी विचारलं, कुठे आहे तो? मागच्या रांगेतून एक बारका पोरगा उठून म्हणाला, 'मी आठे शे.' मी इथे आहे. सगळा वर्ग हसला. गुरुजींनी छडी आपटून 'आहे' असं म्हटलं आणि वर्गाने मागून 'आहे' असं म्हटलं. तो पोरगा घरी आला आणि बरेच दिवस कुणाशी बोललाच नाही. अक्काशी सुद्धा नाही. पुढे बोलायला लागला तेव्हा 'आहे' म्हणायला लागला.

बाबा थांबले. आत्या अजून हसतच होती, तिच्यासाठी ती लहान भावाची एक खोडी होती. पाहुणा हसत नव्हता. त्याने कप खाली ठेवला. मग तो जे बोलला ते त्याने इतकं सावकाश सांगितलं, की मलाही समजलं.

"मी गिरणीकामगारांच्या गावातला. आम्ही घरी 'आय वेअर'च म्हणतो. शाळेत त्यासाठी मी वेताच्या छड्या खाल्ल्यात. माझी आई मरेपर्यंत शाळेच्या फाटकाच्या आत आली नाही. मास्तरांपुढे आपल्याला बोलता येत नाही, असं तिला वाटायचं."

म्हणजे उगमापाशी सुद्धा असंच होतं तर! तिथेही कुणाचं तरी 'शे' होतं आणि त्याच्यावर कुणीतरी डस्टर आपटत होतं. हा गोरा गृहस्थ म्हणजे इंग्लंडचा बागलाणकर होता, दुसरं काय. हे मला तेव्हा एवढं स्पष्ट कळलं असेल असं नाही, पण बाबांचा चेहरा मी बघत होते आणि त्यांना ते पुरतं कळलं होतं.

"काय सांगी राहिना तो?" आत्याने विचारलं.

बाबा तिच्याशी नेहमी मराठीत बोलायचे. या वेळी ते चटईवर तिच्याजवळ बसले, मुख्याध्यापकांच्या समोर, कोटासकट.

"अक्का, त्यानी माय त्यानी शाळामा कधी उनी नही," बाबा म्हणाले. "तिले वाटे, आपले बोलता येत नही."

आत्याने पाहुण्याकडे बघून मान हलवली. तिला त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नसावं.

"मी बी कधी उनी नही तुनी शाळामा," ती म्हणाली.

मीही कधी आले नाही तुझ्या शाळेत. तक्रार नव्हती त्यात, नुसतं सांगितलं. बाबा उठून आत गेले. आईने सांगितलं, की ते माठापाशी पाणी न पिता तसेच उभे होते. बाबा आत्याशी काय बोलले ते पाहुण्याने विचारलं नाही. जाताना त्याने आत्याला परत नमस्कार केला, आणि तिने त्याच्या बायकोच्या ओंजळीत कांद्याच्या चार माळा घातल्या. त्या विमानातून गेल्या की कॅम्पाच्या कोपऱ्यावर कुणाला मिळाल्या, देव जाणे.

बराक सापडली का, ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी ते दोघं निघून गेले.

मे महिन्यात मुख्याध्यापकांनी बाबांना बोलावलं. दहावी मॅडमना दिली, हे नक्की झालं होतं. मुख्याध्यापक तसे वाईट नव्हते. त्या दिवशी त्यांनी बाबांची भाषांतराची इंग्रजी ऐकली होती आणि तिची तारीफही केली, पण पालकांपुढे त्यांचाही इलाज नव्हता. आठवी-नववी तुमच्याकडेच राहील, असं त्यांनी सांगितलं. बाबा म्हणाले, नको, मला पाचवी द्या.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. एबीसीडी, कॅट, रॅट. पाचवी म्हणजे शेंबूड, सांडलेल्या दौती आणि शूची परवानगी. ती मागून घेणारा मास्तर शाळेने पाहिला नव्हता. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी ठरवून टाकलं, सर रुसले. आई तर चिडलीच. हातचं सोडून पळत्याच्या पाठी, असं चार दिवस ऐकवत होती. मलाही तेच वाटलं. एकदा मी विचारलं, की पाचवीच का? बाबा म्हणाले, पोरं पहिल्यांदा गप्प होतात ती तिथे. मला काही बोध झाला नाही. शाळेत पोरं गप्प झाली तर चांगलंच की!

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आमचा दहावीचा वर्ग आणि पाचवीचा वर्ग यांच्यामध्ये नुसती लाकडी फळ्यांची आडभिंत होती, एकाच मोठ्या खोलीचे दोन वर्ग केलेले. फळ्यांना फटी, त्यामुळे एकीकडचं सगळं दुसरीकडे ऐकू यायचं. इकडे मॅडम नव्या पुस्तकाचा पहिला धडा वाचत होत्या, छान, घोळून घोळून. इतके दिवस वाट बघितलेली ती इंग्रजी माझ्या कानापर्यंत येत होती, पण माझं लक्ष फळीकडे होतं. पलीकडे बाबा होते आणि आठवी-नववी मिळत असताना ते तिकडे पाचवीत बसले होते, याने माझा जीव घुसमटत होता.

पलीकडे नावं सांगणं चाललं होतं. पाचवीत एक मुलगी नवी आली होती, सटाण्याहून बदलून आलेल्या एसटी कंडक्टरची. तिला मी सकाळी नळावर पाहिलं होतं, दोन घट्ट वेण्या, तोंडाला कुलूप. तिची पाळी आली. फळीतून तिचा आवाज मला नीट ऐकू आला नाही, पण शेवटचं अक्षर ऐकू आलं. 'शे.'

आणि अख्खी पाचवी फिदीफिदी हसली.

मला पुढचं पाठ होतं. आता डस्टर आपटणार. आता बाबा 'आहे' म्हणणार. मग पन्नास पोरं 'आहे' म्हणणार. माझ्या वर्गातल्या मुलींनाही तेच वाटलं असावं, कारण दोघीतिघी माझ्याकडे बघून हसल्या. मी मान खाली घातली.

डस्टर आपटलंच नाही. पलीकडचं हसणं हळूहळू विरलं. चपलांचा आवाज आला, बाबा टेबलापासून चालत त्या मुलीच्या बाकापर्यंत गेले असावेत. मग त्यांचा आवाज आला. तो शाळेतला खणखणीत आवाज नव्हता, चटईवर बसले होते त्या दिवशीचा होता.

"तुले इंग्रजी येस का व?"

इकडे मॅडमचं वाचणं थांबलं. पलीकडे ती पोरगी बहुधा त्यांच्या तोंडाकडे बघत असावी, खरंच हे मास्तर आपल्या आईसारखं बोलले की काय म्हणून. मग अगदी बारीक, पण स्पष्ट,

"येस."

"ऐकलंत?" बाबा वर्गाला म्हणाले. "तुम्ही सगळे अजून मराठीतच बसलाहात. हिने इंग्रजीत उत्तर दिलं."

आणि मग टेबलावर डस्टर पडलं, धाड! आणि पाठोपाठ पाचवीच्या सगळ्या पोरांचा सूर फळ्यांतून आमच्या वर्गात घुसला. 'येस!' त्यात एक आवाज सगळ्यांच्या आधी लागला होता.